थकव्याचे मूळ रक्तात शोधणारा तपासणी संच : सविस्तर अभिप्राय

सात महिन्यांपूर्वी एका विषाणूजन्य तापाने मला आठवडाभर अंथरुणाला खिळवले. ताप उतरला, पण त्याच्याबरोबर गेलेली ताकद परत आली नाही. जिन्याच्या दहा पायऱ्या चढल्यावर कठडा धरून उभे राहावे लागायचे, वाचलेले पान पुन्हा वाचावे लागायचे आणि रात्रभर झोपूनही सकाळी अंग ठेचून काढल्यासारखे दुखायचे. सहा वर्षांपूर्वी मी नैराश्यावर उपचार घेतले होते. ती नोंद माझ्या कागदपत्रांत असल्यामुळे प्रत्येक दवाखान्यात बोलणे फिरून तिथेच येऊन थांबायचे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर या नेहमीच्या तपासण्या नॉर्मल आल्या होत्या. अशा अवस्थेत ‘तुमचा थकवा आणि उदासपणा दाहामुळे आहे का, ते जाणून घ्या’ अशी एक जाहिरात समोर आली आणि मी तो तपासणी संच मागवला. दाह म्हणजे संसर्ग किंवा इजा झाल्यावर प्रतिकारसंस्था शरीरात उठवते ती प्रतिक्रिया.

सेवेचे नाव मी येथे देत नाही. अशा धर्तीचे संच विकणारी ही एकटीच कंपनी नाही आणि मला जे सांगायचे आहे तेही एका कंपनीपुरते नाही. संचात एक माहितीपुस्तिका, भरून पाठवायची प्रश्नावली, घरी येऊन रक्त नेण्याची सोय, पाच घटकांची तपासणी करून तयार केलेला अकरा पानी अहवाल, मोबाइलवर भरायची शक्तीची डायरी आणि शेवटी डॉक्टरांशी व्हिडिओवर अर्धा तास बोलणे, एवढ्या गोष्टी येतात. ते पाच घटक म्हणजे उच्चसंवेदी सीआरपी (दाहात रक्तात वाढणारे प्रथिन), ईएसआर (तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग), इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ-अल्फा (प्रतिकारसंस्थेची निरोप्या रसायने) आणि फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन); दाह असला की हे आकडे वाढू शकतात. माझा अनुभव असा, की या संचातली सर्वांत दिमाखदार गोष्ट सर्वांत कमी उपयोगाची ठरली आणि जाहिरातीत शेवटच्या ओळीत उल्लेखलेली गोष्ट मला खरोखर उपयोगी पडली.

माहितीपुस्तिकेबद्दल जरा विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण ती चांगली आहे आणि पुढे अहवालाने जो गोंधळ घातला त्याचे बीजही तिच्यातच आहे. शरीरात जंतू शिरला की भक्षक पेशी सायटोकाइन नावाची रसायने सोडतात. ही रसायने निरोप्याचे काम करतात आणि त्यांचे निरोप संसर्गाच्या जागेपुरते राहत नाहीत. रक्तातून आणि व्हेगस या छाती-पोटाला मेंदूशी जोडणाऱ्या चेतेच्या (मज्जातंतूच्या) वाटेने ते मेंदूपर्यंत पोहोचतात, तिथल्या मायक्रोग्लिया या रखवालदार पेशींना जागे करतात, आणि मग मेंदू सगळ्या शरीराला पडून राहायला भाग पाडतो. भूक मरते, माणसांत बसवत नाही, आवडीच्या कामात मन लागत नाही, झोप येते पण विश्रांती मिळत नाही. आजारी जनावर कोपऱ्यात अंग चोरून बसते तो नुसता अशक्तपणा नव्हे. ताप येणे आणि निपचित पडणे ही ताकद वाचवून संसर्गाशी लढण्याची शरीराची फार जुनी रीत आहे, असे पशुवैद्यकातील संशोधक बेंजामिन हार्ट यांनी १९८८ साली मांडले. पुढे संशोधक रॉबर्ट दांत्झेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ‘आजारी वर्तना’चा माग घेत असे दाखवले, की प्रतिकारसंस्थेची ही हाक लांबत गेली तर काही माणसांत तिचे पर्यवसान नैराश्यात होऊ शकते. हे वाचताना मला तापाचे ते दिवस आठवले. खोलीतला दिवा नकोसा झाला होता, भाच्याचा फोनसुद्धा मी घेतला नव्हता, आणि त्या वेळी आमच्या घरात कुणीही त्याला नैराश्य म्हटले नव्हते.

पुस्तिकेने दिलेला सर्वांत भक्कम पुरावा इंटरफेरॉन-अल्फाचा आहे. हे प्रतिकारसंस्थेचेच एक द्रव्य असून ते हेपटायटिस सी आणि मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगावर औषध म्हणून टोचले जायचे. ते घेणाऱ्या बऱ्याच रुग्णांना पहिल्या काही दिवसांतच थकवा यायचा, भूक मंदावायची आणि झोप बिघडायची. त्यानंतर काही आठवड्यांनी त्यांच्यातल्या अनेकांना खरेखुरे नैराश्य गाठायचे. मेलानोमाच्या ४० रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. तिच्यात काहींना इंटरफेरॉन सुरू होण्याच्या दोन आठवडे आधीपासून पॅरोक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध दिले होते, तर काहींना औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी ४५ टक्के लोकांना नैराश्य आले. पॅरोक्सेटिन घेणाऱ्यांत हे प्रमाण ११ टक्के होते. बाहेरून टोचलेले प्रतिकारसंस्थेचे द्रव्य माणसाच्या मनाची अवस्था बदलते, याचा यापेक्षा थेट पुरावा मिळणे कठीण आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आणखी एका प्रयोगात वीस निरोगी पुरुषांना जिवाणूंच्या कवचातील विषाची अगदी अल्प मात्रा टोचण्यात आली. काही तासांतच त्यांची अस्वस्थता वाढली, मन खिन्न झाले आणि स्मरणशक्तीच्या कसोट्यांत ते मागे पडले.

इथे पुस्तिकेने एक महत्त्वाची गोष्ट गाळली आहे, आणि माझ्यासारख्या ग्राहकाच्या दृष्टीने तीच कळीची होती. इंटरफेरॉनच्या त्याच रुग्णांच्या लक्षणांचा बारकाईने अभ्यास केल्यावर २००२ साली असे दिसून आले, की पॅरोक्सेटिनने खिन्नता, चिंता आणि एकाग्रतेच्या तक्रारी कमी झाल्या; थकव्यावर आणि मेलेल्या भुकेवर मात्र त्याचा फारसा परिणाम झाला नाही. म्हणजे एकाच दाहातून निघालेल्या खिन्नतेच्या आणि थकव्याच्या वाटा पुढे वेगळ्या होतात आणि एकीवर चालणारे औषध दुसरीवर चालेलच असे नाही. ‘थकवा आणि उदासपणा’ अशी जोडी लावून दोन्हींसाठी एकच आकडा विकणाऱ्या सेवेने ही माहिती पहिल्या पानावर छापायला हवी होती. त्याऐवजी पुस्तिकेत ट्रिप्टोफॅनच्या चित्रावर दोन पाने खर्च झाली आहेत. हे अमिनो आम्ल सेरोटोनिनचा कच्चा माल आहे आणि दाह वाढला की आयडीओ नावाचे एंझाइम त्याला कायन्युरेनिनच्या मार्गाकडे वळवते, हे खरे आहे. पण चित्रातले बाण इतके ठाशीव आहेत, की प्रत्येक उदास माणसाच्या मेंदूत नेमके एवढेच घडत असते असा वाचकाचा समज व्हावा.

तसे ते घडत नाही, आणि याचा उलगडा करणारे संशोधनही उपलब्ध आहे. अनेक अभ्यास एकत्र करून २०१९ साली मांडलेल्या हिशेबात नैराश्याच्या रुग्णांपैकी साधारण चौथ्या हिश्शाच्या रक्तात सीआरपी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर आढळले. उरलेल्या पाऊण हिश्शाच्या रुग्णांचे नैराश्य तितकेच खरे असते. त्यांच्या रक्तात मात्र दाहाची ही खूण त्या पातळीवर नसते. शिवाय ज्यांच्यात ती सापडते, त्यांच्यातही वाढलेले वजन, धूम्रपान, वय, हिरड्यांचे दुखणे किंवा संततिनियमनाच्या गोळ्या यांपैकी एखादे कारण मागे असू शकते.

उपचाराच्या बाजूनेही चित्र असेच आहे. टीएनएफला अडवणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध सांधेदुखीसारख्या दाहाच्या आजारांत वापरले जाते. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या ६० रुग्णांवर त्याची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. एकूण रुग्णांचा विचार करता ते निष्क्रिय इंजेक्शनपेक्षा सरस ठरले नाही. ज्यांचे सीआरपी मुळात ५ च्या वर होते, त्यांच्यात सुधारणा होण्याकडे कल दिसला; ज्यांचे कमी होते, त्यांना उलट निष्क्रिय इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षाही कमी फायदा झाला. ‘नैराश्य हा दाहाचाच आजार आहे’ असे म्हणणारा जितका चुकतो, तितकाच ‘दाहाचा आणि मनाचा काय संबंध’ असे विचारणाराही चुकतो. पुस्तिकेने दुसऱ्याची समजूत फार चांगली काढली आहे आणि पहिल्याला मोकळे सोडले आहे.

आता रक्त नेण्याच्या सोयीबद्दल. ठरलेल्या दिवशी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी तंत्रज्ञ आला. वागायला अत्यंत नम्र आणि हाताने हलका. सुई टोचल्याचे कळलेसुद्धा नाही. त्याने पिवळ्या टोपणाची नळी भरली, तिच्यावर माझ्या नावाची चिकटपट्टी लावली आणि ती कापडी पिशवीत इतर नळ्यांशेजारी आडवी ठेवली. पिशवीत बर्फाचे पाकीट नव्हते. मी विचारल्यावर त्याने सांगितले, की अजून दोन घरे व्हायची आहेत आणि त्यानंतर सगळे नमुने एकदम प्रयोगशाळेत जातील. अहवालावर नमुना मिळाल्याची वेळ दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांची आहे. सीआरपीला एवढ्या वेळाने फारसा फरक पडत नाही, ते टिकाऊ प्रथिन आहे. इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ यांचे तसे नाही. रक्त नळीत नुसते पडून राहिले तर त्यातल्या पेशी स्वतःच ही द्रव्ये सोडू शकतात, किंवा आधीची द्रव्ये विघटित होऊ शकतात, आणि म्हणूनच अशा तपासण्यांसाठी रक्तातला द्रव भाग लवकर वेगळा करून थंड ठेवावा लागतो. साडेआठ तास पिशवीत फिरलेल्या नळीतला आकडा माझ्या शरीराविषयी किती सांगतो आणि त्या नळीच्या प्रवासाविषयी किती, हे कुणालाच ठरवता येणार नाही. तंत्रज्ञाला मी दोष देत नाही. त्याला जे दिले तेच तो घेऊन आला होता.

पाच दिवसांनी अहवाल आला. पहिल्याच पानावर हिरव्यापासून लाल रंगापर्यंत जाणारा एक पट्टा होता आणि त्याच्या लाल टोकाजवळ माझ्या नावाचा बाण. ‘तुमचा दाह-निर्देशांक : १०० पैकी ७८’ असे मोठ्या अक्षरांत छापले होते आणि खाली लिहिले होते, ‘आपला थकवा व उदासपणा दाहजन्य असण्याची शक्यता अधिक आहे.’ माझे सीआरपी ४.६ मिलिग्रॅम प्रति लिटर होते आणि इंटरल्युकिन-६ संदर्भमर्यादेच्या बरेच वर. तो पट्टा पाहून मला भीती वाटली नाही, रडू आले, आणि ते सुटकेचे होते. सात महिने ज्याला ‘जरा मन रमवा’ असे उत्तर मिळत होते, त्या दुखण्याला कुणीतरी रंग दिला होता, आकडा दिला होता, आणि तो कागद मी कुणालाही दाखवू शकत होते. त्या संध्याकाळी मी तो बहिणीला पाठवलासुद्धा. या सेवेची खरी विक्री इथेच होते असे मला आता वाटते, आणि ज्याचे दुखणे वर्षानुवर्षे कुणी मानलेले नाही, त्याला या पट्ट्याची किती ओढ वाटत असेल हे मी जाणते. म्हणूनच त्या पट्ट्याची जबाबदारी फार मोठी आहे.

ती त्यांनी पाळलेली नाही. पाच वेगवेगळे घटक मिसळून ७८ हा आकडा कसा काढला, कोणत्या घटकाला किती वजन दिले आणि हा निर्देशांक कोणत्या लोकांवर पडताळला, याचा अकरा पानांत कुठेही उल्लेख नाही. दोन पाने पूरक गोळ्यांची आहेत आणि प्रत्येक गोळीखाली ‘खरेदी करा’ असे बटण आहे. तपासणी करणाऱ्यानेच उपाय विकावा ही रचना मला मुळातच पटत नाही. त्या दोन पानांबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

अहवाल हातात आल्यावर दोन दिवसांनी दात घासताना माझ्या लक्षात आले, की रक्त दिले त्या आठवड्यात माझ्या अक्कलदाढेची हिरडी सुजली होती. एका बाजूने जेवण बंद होते, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालू होत्या आणि त्यातच रक्त दिले गेले. प्रश्नावलीत झोप, ताण, व्यायाम, वजन, बालपण अशा पन्नासाहून अधिक गोष्टी विचारल्या होत्या; अलीकडे एखादा संसर्ग, जखम, दातदुखी किंवा लसीकरण झाले आहे का, हा एकच प्रश्न नव्हता. १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सीआरपीचा शोध लागला, तो संसर्गाची खूण म्हणूनच. इंटरल्युकिन-६ चा निरोप मिळाला की यकृत ते तयार करते आणि त्याला हिरडी, गुडघा की फुफ्फुस याच्याशी देणेघेणे नसते. आग लागली आहे एवढेच ते सांगते, कुठे लागली ते सांगत नाही. हृदयविकाराचा धोका मोजण्यासाठी ही तपासणी वापरताना किमान दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी घ्यावी, अशी शिफारस अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थांनी २००३ सालीच केली होती. संचात मात्र एकच नमुना घेतात आणि त्यावर ठाम निष्कर्ष छापतात.

हिरडी बरी झाल्यावर तीन आठवड्यांनी मी एका साध्या प्रयोगशाळेत जाऊन पुन्हा सीआरपी करून घेतले. ते ०.९ आले. थकवा तेवढाच होता.

या दुसऱ्या आकड्याने मला पहिल्यापेक्षा जास्त हलवले. लाल पट्टा गेला, मग माझे दुखणेही खोटे ठरले का, असा प्रश्न मनात आला आणि दोन दिवस तो गेला नाही. त्याचे उत्तर मला पुस्तिकेत मिळाले नाही, ते मी अन्यत्र वाचून शोधले. दीर्घकालीन थकव्याच्या ज्या आजाराला एमई किंवा क्रॉनिक फटिग सिंड्रोम म्हणतात, त्याचे निदान करणारी रक्ताची तपासणी आजही अस्तित्वात नाही. ते लक्षणांवरून आणि इतर कारणे वगळून करावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात १९६९ पासून त्याची गणना मज्जासंस्थेच्या विकारांत होते. ऑस्ट्रेलियातील डब्बो या गावाच्या परिसरात झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन अगदी वेगवेगळ्या संसर्गांच्या २५३ रुग्णांचा पाठपुरावा केला गेला. संसर्ग कोणताही असो, सहा महिन्यांनंतर सुमारे १२ टक्के लोकांत थकवा, अंगदुखी, विस्मरण आणि मनःस्थितीच्या तक्रारींचे एकसारखे चित्र टिकून राहिले होते. हे कोणाच्या वाट्याला येईल याचा अंदाज मूळ आजाराच्या तीव्रतेवरून बांधता आला. आधीच्या मानसिक आजाराच्या इतिहासावरून तो बांधता आला नाही. हे वाक्य मी दोनदा वाचले आणि ते माझ्या वहीत उतरवून घेतले.

या आजारात प्रतिकारसंस्थेचा सहभाग असावा असे मानायला जागा आहे, पण पुरावा अजून एका सुरात बोलत नाही. २०१५ सालच्या एका अभ्यासात आजाराच्या पहिल्या तीन वर्षांत सायटोकाइनची पातळी वेगळी दिसली आणि त्याहून जुन्या रुग्णांत ती तशी दिसली नाही. नॉर्वेतील डॉक्टरांनी प्रतिकारसंस्थेतील बी-पेशी कमी करणारे रिटुक्सिमॅब हे औषध वापरून पाहिले. सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांनी मोठी आशा दाखवली, मात्र १५१ रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत ते निष्क्रिय औषधापेक्षा सरस ठरले नाही, आणि तो निष्कर्ष २०१९ साली प्रामाणिकपणे प्रसिद्ध करण्यात आला. एवढे कसलेले लोक जिथे अजून चाचपडत आहेत, तिथे पाच घटकांच्या बेरजेतून ‘दाहजन्य’ असा शिक्का मारून देणे हे धाडस आहे.

अहवालातला सर्वांत गंभीर दोष मात्र आकड्यांत नाही, तो नवव्या पानावरच्या सल्ल्यात आहे. ‘दाह कमी करण्यासाठी चालण्याचा वेळ दर आठवड्याला दहा टक्क्यांनी वाढवा’ असे तिथे प्रत्येक ग्राहकासाठी एकच वाक्य छापलेले असावे. नैराश्यात नियमित व्यायामाचा उपयोग होतो आणि तसा पुरावाही आहे. पण एमईची मुख्य खूणच अशी, की थोडे श्रम झाल्यावर काही तासांनी किंवा एकदोन दिवसांनी सगळी लक्षणे उसळून वर येतात आणि ती उतरायला दिवस लागतात, कधी आठवडे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ सालच्या आपल्या अहवालात ही घसरण निदानासाठी आवश्यक मानली आहे. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वे बदलून स्पष्ट केले, की या रुग्णांना ठरावीक मापाने वाढवत नेण्याचा व्यायाम देऊ नये. मी तो सल्ला निष्ठेने पाळला. दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी पंचवीस मिनिटे चालले आणि त्या संध्याकाळी उलट हुरूप वाटत होता. शनिवारी सकाळी आरशासमोर उभी राहिले, तर केस विंचरण्यासाठी हात डोक्यापर्यंत नेऊन तिथे धरवेना. फणी खाली ठेवून मी पलंगावर बसले आणि पुढचे सहा दिवस जवळजवळ तिथेच गेले.

म्हणून डॉक्टरांशी बोलण्याच्या वेळेला मी फारशी अपेक्षा न ठेवता बसले होते. कंपनीने लावून दिलेल्या डॉक्टर वयाने पन्नाशीच्या असाव्यात. त्यांनी अहवाल उघडला, पहिले पान पाहिले आणि म्हणाल्या, “हा पट्टा आपण बाजूला ठेवू. मला आधी सांगा, सकाळी जाग आली की काही करावेसे वाटते का तुम्हाला?” मी सांगितले, की वाटते, खूप वाटते, कपाट आवरायचे आहे, अर्धे राहिलेले शिवणकाम संपवायचे आहे, मैत्रिणीकडे जायचे आहे. “आणि गेलात, तर त्रास कधी होतो? त्याच दिवशी की नंतर?” मी शनिवारच्या फणीची गोष्ट सांगितली. त्यांनी काही क्षण लिहून घेतले. मग त्यांनी जे समजावले ते इतके सोपे होते, की सात महिन्यांत कुणी का सांगितले नाही असे वाटले. निव्वळ नैराश्यात बहुधा इच्छाच आटते, आणि एकदा हालचाल सुरू झाली की पुष्कळांना बरे वाटू लागते. एमईसारख्या दुसऱ्या आजारात इच्छा शाबूत असते, शरीर साथ देत नाही आणि हालचालीची किंमत उशिरा वसूल होते. दोन्ही एकत्रही असू शकतात, आणि लांबलेल्या थकव्याने मन खचणे हे स्वाभाविक आहे, असेही त्या म्हणाल्या. त्यानंतर जीव नकोसा होतो का, असे त्यांनी कसलाही आडपडदा न ठेवता विचारले आणि माझे उत्तर पूर्ण ऐकून घेतले.

झोपेत श्वास अडकतो का, पाळीत रक्तस्राव किती होतो, उभे राहिल्यावर छातीत धडधडते का, कोणती औषधे चालू आहेत, हे सगळे त्यांनी क्रमाने विचारले आणि दोन राहिलेल्या तपासण्या माझ्या नेहमीच्या डॉक्टरांकडून करून घ्यायला सांगितल्या. दाह कमी करायचा म्हणून वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने चालू ठेवू नका, त्या पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा करतात, हेही बजावले. सीआरपी उतरल्यामुळे माझे दुखणे खोटे ठरत नाही आणि चढले असते तरी त्याचे कारण सिद्ध झाले नसते, हे त्यांच्या तोंडून ऐकले तेव्हा त्या दोन आकड्यांचे ओझे माझ्या मनावरून उतरले. अर्ध्या तासाची वेळ होती. त्या बेचाळीस मिनिटे बोलल्या.

मोबाइलवरची डायरी साधी आहे आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी ती वेगळ्या रीतीने भरू लागले. काय केले, किती वेळ केले आणि दोन दिवसांनंतर कसे वाटले, एवढेच लिहायचे. तीन आठवड्यांच्या नोंदींत माझ्या घसरणीचा उशीर स्पष्ट दिसू लागला आणि कोणत्या कामापाशी थांबायचे ते कळू लागले. फक्त एक गोष्ट खटकते, पावले वाढली की डायरी बक्षीस म्हणून चांदणी देते; ती सोय कंपनीने काढून टाकावी. थकव्याच्या रुग्णाला नेमक्या त्याच मोहापासून वाचवायचे असते.

मी कंपनीला सविस्तर पत्र लिहिले. नऊ दिवसांनी आलेल्या उत्तराचा सूर चांगला होता. प्रश्नावलीत अलीकडच्या संसर्गाचा, दातदुखीचा आणि लसीकरणाचा प्रश्न घातला आहे आणि व्यायामाच्या वाक्याचा फेरविचार चालू आहे, असे त्यांनी कळवले. नमुने थंड ठेवण्याबद्दल आणि निर्देशांकाच्या गणिताबद्दल त्यांनी काहीही लिहिले नाही. ज्यांना सांधेदुखी, सोरायसिस किंवा आतड्याच्या दाहासारखा आजार आधीपासून आहे आणि त्यासोबत मनही खचले आहे, त्यांनी हे आकडे आपल्या डॉक्टरांकडून पाहून घेण्यात अर्थ आहे, आणि त्यासाठी या संचाची गरज नाही. ज्यांना तापानंतर उभारी येत नाही आणि श्रमानंतर एकदोन दिवसांनी अंग गळून जाते, त्यांनी लाल पट्टा आला तरी नवव्या पानावरचा सल्ला पाळू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पाचपैकी गुण द्यायचे झाले तर पुस्तिकेला मी तीन देईन, अहवालाला एक आणि डॉक्टरांच्या भेटीला पूर्ण पाच. ती भेट आता संचाशिवाय स्वतंत्रपणेही मिळते, असे त्याच उत्तरात शेवटी लिहिले होते. पुढची वेळ मी तशीच घेतली आहे.